ऐकणारी माउली आणि आपले घर

रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत वणीच्या सप्तशृंगगडावर चैत्रोत्सव भरतो. धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून हजारो भाविक पायी निघतात. खान्देश म्हणजे आईचे माहेर, ही त्यांची श्रद्धा. डोक्यावर चैत्राचे ऊन, पायांखाली तापलेली सडक आणि मुखी जगदंबेचे नाव! या वाटेवर एक गोष्ट सहज ध्यानी येते. जथ्यातील एखादा कुरकुरत खाली बसला की त्याची मरगळ पाहता पाहता शेजाऱ्यालाही लागते. आणि एखाद्या वृद्धेने खणखणीत स्वरात आईचा जयजयकार केला की बसलेले दहाजण उठून चालू लागतात. ऊन तेच, अंतरही तेच. पालटते ते मन. आणि ते कधी एकट्याचे पालटत नाही.

साडेतीन शक्तिपीठांपैकी हे अर्धे पीठ. कातळात कोरलेली अष्टादशभुजा भगवती सुमारे आठ फूट उंच आहे. 2022 साली शेंदराचे थर उतरविण्यात आले आणि मूळ स्वरूपाचे दर्शन भाविकांना घडले. अठरा हात असूनही भक्तांच्या मनात ठसते ती तिची किंचित कललेली मान. समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषी देवीमाहात्म्य कथन करीत आहेत आणि माउली ते कान देऊन ऐकत आहे, असे परंपरा सांगते. महिषासुराचे मर्दन करणाऱ्या या महाशक्तीची भक्तांना प्रिय झालेली मुद्रा श्रवणाची आहे, हे किती अर्थपूर्ण!

प्रसन्न वृत्ती म्हणजे सदैव हसरा चेहरा नव्हे. दुःखिताला ‘होईल सारे ठीक’ असे सांगून वाटेला लावणे, ही तर प्रसन्नतेची नुसती नक्कल होय. परीक्षेत अपयशी ठरलेला मुलगा, दिवसभर राबून आलेला कर्ता पुरुष, सासरी नवी आलेली सून यांना उपदेशाआधी हवा असतो तो त्यांचे ऐकणारा कान. ‘तू सांग, मी आहे’ एवढ्या शब्दांनी खचलेल्या जिवाला उभारी येते. उलट, उपवास कडक, पूजा यथासांग, पण घरातल्यांवर दिवसभर चिडचिड; अशा व्रताचा ताप मात्र साऱ्या घराला सोसावा लागतो.

उमाबाई दाभाडे यांनी बांधविलेल्या पायऱ्या चढून कोणी गडावर जातात, तर 2018 पासून ट्रॉलीनेही अनेकांना, विशेषतः वृद्धांना, दर्शन सुलभ झाले आहे. कसेही गेलो तरी परतताना आपण घरी काय आणतो? पेढा, कुंकू, नारळ हे तर आणावेतच. त्याबरोबर माउलीची ती कललेली मानही थोडी आणावी. प्रसादाचा पेढा एका दिवसात संपतो. परंतु आपल्या घरात आपले कोणीतरी ऐकते, हा धीर माणसाला वर्षभर पुरतो.

सप्तशृंगनिवासिनी जगदंबा तो धीर देण्याचे बळ प्रत्येक घराला देवो!