घेणे-देणे (लेखांक ९) : कार्डाची लिमिट घटते तेव्हा

गेल्या लेखांकात क्रेडिट कार्डावरच्या व्याजाचा हिशेब पाहिला. आता त्याच कार्डाचा अधिक चीड आणणारा प्रकार. दोन लाखांची लिमिट पन्नास हजारांवर आणल्याचा मेसेज येतो आणि ग्राहकाला अपमान झाल्यासारखे वाटते. माझे म्हणणे असे की तक्रार जरूर करावी, पण त्या निर्णयाविरुद्ध नव्हे. लिमिट घटवण्याचा अधिकार बँकेचाच आहे. ती घटवल्याचे कळवले का आणि कुठल्या माहितीवर घटवली, एवढेच ग्राहकाला विचारता येते. हेही थोडके नाही.

कागल तालुक्यातल्या वाचकाला कर्जाची मर्यादा नवी नाही. विकास सेवा सोसायटीतून उसासाठी पीककर्ज उचलताना किती मिळणार, हे जिल्हास्तरीय तांत्रिक समितीने ठरवलेल्या हेक्टरी दरावर आणि क्षेत्रावर ठरते. ही मर्यादा म्हणजे नुसता कागदी सोपस्कार नव्हे, हे कोल्हापूर जिल्ह्याला महागात पडून कळले. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीतले सुमारे ११२ कोटी रुपये नाबार्डने नंतर अपात्र ठरवले. कमाल मर्यादेपेक्षा जास्त उचललेले कर्ज माफीत बसत नाही, असा आक्षेप होता. हजारो शेतकरी त्यात अडकले आणि वाद उच्च न्यायालयात गेला. तरी त्या मर्यादेचे एक बरे होते : दर ठरलेला, क्षेत्र मोजता येण्याजोगे, म्हणजे भांडायला हातात आकडा होता. कार्डाच्या लिमिटमागचे गणित मात्र बँक स्वतःपाशीच ठेवते.

‘मी एकही बिल थकवले नाही, मग माझीच लिमिट का?’ हा प्रश्न रास्त आहे, पण कारण दर वेळी ग्राहकाच्या वागण्यात नसते. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कार्डावरील येण्याचा जोखीमभार १२५ वरून १५० टक्के केला. नऊ टक्के किमान भांडवल धरले, तर लाखभर येण्यामागे बँकेला पूर्वी ११,२५० रुपये भांडवल लागे, ते १३,५०० झाले. असे काही घडले, किंवा २०२० च्या टाळेबंदीसारखा काळ आला, की बँका हात आखडता घेतात आणि न वापरलेली लिमिट सहज नजरेत येते. कधी कारण आपल्याच पतअहवालात असते, पण आपल्या ध्यानात नसते. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलात, तर त्याची थकबाकी तुमच्याही अहवालात दिसू शकते. आपल्याकडे जामिनाची सही किती सहज होते, हे सांगायला नको.

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार लिमिट वाढवायला ग्राहकाची स्पष्ट संमती लागते. घटवताना मात्र फक्त कळवणे बंधनकारक आहे. शिवाय बँकेचा व्यावसायिक निर्णय रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. म्हणून ‘लिमिट परत द्या’ हा अर्ज टिकणे कठीण, ‘मला कळवलेच नाही’ हा मात्र टिकू शकतो. आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर लोकपालाकडे जावे. त्याच वेळी पतअहवाल मागवावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीला तो वर्षातून एकदा फुकट द्यावाच लागतो, आणि चुकीच्या नोंदीची तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

कोणी म्हणेल, बँक तरीही लिमिट घटवणारच, मग कळवून काय साधते? साधते ते असे : दोन लाखांच्या लिमिटवर चाळीस हजार वापरले, तर वापर वीस टक्के, लिमिट पन्नास हजार झाली की तोच खर्च ऐंशी टक्के होतो आणि त्याने स्कोअर खाली येऊ शकतो. शिवाय विम्याचा हप्ता कार्डावरून आपोआप जात असेल, तर तो अडकायची भीती. वेळेत कळले, तर हप्ता दुसरीकडे वळवता येतो आणि बिल निघण्याआधीच रक्कम भरून वापर खाली आणता येतो. रागाने कार्ड बंद करू नये, कारण एकूण लिमिट आणखी घटते. बंद करायचेच ठरले, तर येणे-बाकी चुकती करून लेखी मागणी द्यावी. त्यानंतर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद झाले नाही, तर बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे आहेत.