हिरव्या अंधारातला समुद्र

वेस्ट सिएटलमधल्या सीक्रेस्ट पार्कला सुट्टीच्या दिवशी सकाळी गेलात, तर पाठीला सिलिंडर बांधलेली माणसं गाडीतून उतरून सरळ समुद्रात चालत जाताना दिसतील. होडीची गरजच नाही. समोर एलियट उपसागर, पलीकडे शहराच्या उंच इमारती, शेजारी वॉटर टॅक्सीचा धक्का. पाणी बारा महिने दहा अंशांच्या आसपास, म्हणून अंगात ड्रायसूट. आणि उन्हाळ्याच्या तोंडावर हे पाणी असं हिरवंगार, गढूळ होतं की शेजारच्या डायव्हरचे पायही पुसट दिसावेत. तरी लोक उतरतात, आणि हरखून वर येतात.

हा गढूळपणा बहुतांशी जिवंत आहे. एलियट उपसागर ज्याचा भाग आहे ते प्युजेट साउंड म्हणजे हिमनद्यांनी कोरलेली खाडी. तिचं तोंड अरुंद आणि आतल्या मानाने उथळ, त्यामुळे भरती-ओहोटीचं पाणी तिथून जाताना घुसळून निघतं आणि खोलातली पोषकद्रव्यं वर येतात. वसंतातलं ऊन मिळालं की त्यावर सूक्ष्म वनस्पती-प्लवकांचं पीक उभं राहतं. चमचाभर पाण्यात ते हजारोंनी असतात. नद्यांचा गाळ वेगळाच. पाणी किती पारदर्शक आहे हे मोजायला इटालियन खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी 1865 साली पांढरी तबकडी दोरीने समुद्रात सोडली. ती दिसेनाशी होते ती खोली, एवढंच ते माप. अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात 1986 साली अशी तबकडी जवळजवळ 80 मीटरपर्यंत दिसली होती. सीक्रेस्टला त्याचा पाव भाग मिळाला तरी डायव्हर खूश.

अशा पाण्यात मोठा, पसरट झोत लावला की दिसायचं तेही दिसेनासं होतं. आंबोली घाटातल्या धुक्यात गाडीचा अप्पर लावल्यासारखंच ते: प्रत्येक कण उजेड परत डोळ्यांवर फेकतो. म्हणून टॉर्च अरुंद झोताचा आणि तोही बाजूला धरलेला. अंतराचा अंदाजही फसतो. स्वच्छ पाण्यात वस्तू आहे त्याहून जवळ भासते, गढूळ पाण्यात मात्र आहे त्याहून लांब वाटू लागते. कानांचाही भरवसा नाही. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो, दोन्ही कानांवर जवळजवळ एकाच क्षणी आदळतो, आणि बोटीचं इंजिन कुठल्या बाजूला आहे ते कळतच नाही.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. प्लवकांना ऊन हवं, म्हणून त्यांची गर्दी वरच्या थरात. तो हिरवा थर ओलांडून खाली गेलं की पुष्कळदा पाणी निवळतं, पण वरच्या गर्दीने उजेड गिळलेला असतो. भर दुपारी, वर लख्ख ऊन असताना, खाली रात्र!

मग वाट कशी सापडते? उतरण्यापूर्वी होकायंत्रावर दिशा धरायची आणि परतताना नेमकी उलटी. वाळूवरच्या लाटांच्या रेषा बहुधा किनाऱ्याला समांतर असतात. खोली दाखवणारा आकडा कमी होत चालला आणि तळ सोबत वर येत असला, तर आपण काठाकडे निघालो आहोत. वर कुठे, खाली कुठे हेच समजेनासं झालं, तर स्वतःच्या श्वासाचे बुडबुडे बघायचे. ते वरच जातात. आणि फिन्स बेडकासारख्या मारायच्या, नाहीतर तळाचा गाळ उठून मागच्याचं सगळंच बुडतं.

या सगळ्याचं मोल अखेर तळाशी पडलेल्या एखाद्या तुळईखाली वसूल होतं. टॉर्चच्या गोलात आधी खेकड्यांच्या रिकाम्या कवचांचा ढीग येतो. मग कपारीत एक लालसर फुगवटा, पांढऱ्या चूषकांची ओळ आणि आडव्या बाहुलीचा एक डोळा. जायंट पॅसिफिक ऑक्टोपस! हातांचा पसारा चार मीटरपर्यंत जाऊ शकणारा, दोन हजारांवर चूषक असलेला हा प्राणी त्या चूषकांनी चवही घेतो. डोळे त्याचे उत्तम आहेत, पण कपारी चाचपायला त्याला उजेड लागत नाही. 2012 साली इथे एका तरुण डायव्हरने असा एक ऑक्टोपस मारून नेला. ते तेव्हा कायदेशीर होतं. पण डायव्हरांनी रान उठवलं, आणि पुढच्या वर्षी वॉशिंग्टन राज्याने सीक्रेस्टसह सात ठिकाणी ऑक्टोपस पकडायला बंदी घातली. गढूळ पाण्यात हातभर अंतरावरून पाहिलेल्या प्राण्यावर एवढी माया जडते, याचं मला तरी नवल वाटत नाही.

आपल्या मालवण-तारकर्लीला डायव्हिंग बहुधा होडीतून होतं, पण नद्यांचा गाळ आणि प्लवक तिथेही आहेतच. तिथे उतरलात आणि पाणी गढूळ निघालं, तर गाईडवर चिडू नका. एखाद्या खडकाजवळ थांबा आणि जवळून बघा. मात्र बडी, म्हणजे डायव्हिंगमधला जोडीदार, नजरेआड झाला, तर मिनिटभर शोधा, नाही सापडला तर सावकाश वर या.