कबुतरांची पीसगळ

ढाबळीत पिसांचा सडा पडू लागला की पुष्कळ पाळणारे घाबरतात व पक्ष्यास रोग जडला असे समजून औषधपाण्याच्या मागे लागतात. वस्तुतः वर्षातून एकदा जुनी पिसे टाकून नवी धारण करणे हा कबुतराचा निसर्गधर्म होय. प्रत्येक पंखाच्या टोकाकडे उड्डाणाची १० मोठी पिसे असतात. ती आतून बाहेर क्रमाने एकेक गळतात. हे काम काही महिने चालते.

पिसाचा सुमारे नऊदशांश भाग प्रथिनांचा असतो. म्हणून या दिवसांत नुसत्या ज्वारी-बाजरीवर भागत नाही. हरभरा, वाटाणा किंवा मूग दाण्यात मिसळावा व थोडे जवसही घालावे. उपासमार वा आजार झाल्यास वाढत्या पिसावर आडवी रेघ उमटते आणि पीस तेथेच मोडते. हा दोष पुढील पीसगळीपर्यंत भरून निघत नाही!

शक्यतो नर-माद्या वेगळ्या ठेवाव्यात. पिलांचे पोषण व पिसांची वाढ ही दोन्ही ओझी एकदम पेलणे पक्ष्यास जड जाते. अंघोळीसाठी उथळ परातीत स्वच्छ पाणी ठेवावे. कोवळ्या पिसाच्या नळीत रक्त असते, यास्तव पक्षी विनाकारण हाताळू नये व अर्धवट गळालेले पीस उपटू नये.