ऑनलाइन खेळांत कथा आणि लढाईचे भांडण

१९९७ च्या ऑगस्टमध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळाची चाचणी सुरू होती. ब्रिटानिया या काल्पनिक राज्याचा राजा लॉर्ड ब्रिटिश आपल्या प्रजेला दर्शन देण्यासाठी उभा होता. राजाचे सोंग घेतले होते खेळाचे निर्माते रिचर्ड गॅरियट यांनी स्वतः. कथेच्या संकेतानुसार हा राजा अवध्य. परंतु सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला होता आणि आपले अवध्यत्व पुन्हा चालू करण्याचे गॅरियट विसरले होते. गर्दीतील एका खेळाडूने अग्निमंत्र टाकला. आपल्याला काही होणार नाही या विश्वासाने राजा त्या ज्वाळांत उभाच राहिला आणि सर्वांदेखत मरून पडला. राजाच्या साथीदारांनी संतापून गर्दीत दैत्य सोडले, त्यात निरपराध प्रेक्षकही मारले गेले. ज्याने राजा मारला त्याला पुढे चाचणीतून काढून टाकण्यात आले.

ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांच्या जगात ही गोष्ट आजही चवीने सांगितली जाते. पण तिच्यातला पेच विनोदी नाही. ज्या जगाला कथा आहे त्या जगात कोणत्याही खेळाडूला कोणालाही मारता यावे का? आणि मारता येत नसेल, तर त्या जगात खेळाडूच्या कृतीला किंमत किती?

आपल्याकडे मोबाइलवर ‘बीजीएमआय’ किंवा ‘फ्री फायर’ खेळणाऱ्या तरुणाला हा प्रश्नच पडणार नाही. समोर दिसेल त्याला टिपायचे, हाच तर खेळ! मात्र तेथे एक फेरी फार तर अर्ध्या तासाची असते आणि पुढच्या फेरीला सारेच पुन्हा रिकाम्या हाताने उतरतात. रोल-प्लेइंग खेळाची घडण वेगळी आहे. येथे खेळाडू एक पात्र निर्माण करतो आणि महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, ते वाढवत राहतो. शस्त्रे, धन, कसब, मित्रमंडळी, घर, सारे हळूहळू जमत जाते. हजारो माणसे एकाच जगात एकाच वेळी वावरत असतात आणि खेळाडू झोपला तरी ते जग चालूच राहते. अशा ठिकाणी मारले जाणे म्हणजे एक डाव हरणे नव्हे. तेथे आठवड्याभराची मेहनत एका क्षणात दुसऱ्याच्या पिशवीत जाऊ शकते.

‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये नेमके हेच झाले. सप्टेंबर १९९७ मध्ये खेळ बाजारात आला तेव्हा नगराच्या हद्दीत पहारेकरी होते, गुन्हेगाराला ते जागच्या जागी ठार करीत. हद्द ओलांडली की संरक्षण संपले. मिनॉक गावाजवळच्या खाणींत नवखे खेळाडू तासन्‌तास कुदळ चालवून खनिज काढत आणि ते लादून परतताना लुटारूंच्या तावडीत सापडत. मेलेल्याच्या अंगावरचे सारे सामान प्रेताजवळ पडून राही आणि ते कोणीही उचलावे. मृत खेळाडू भूत होऊन करड्या जगात भटके. त्याने काही लिहिले तर जिवंतांना फक्त ‘ऊऽऊ’ असे अक्षर दिसे. वैद्य किंवा देवस्थान शोधून पुन्हा जिवंत व्हायचे आणि धावत प्रेताकडे यायचे, तोवर तेथे काहीच उरलेले नसे.

निर्मात्यांना हे अपेक्षित नव्हते असे नाही. खेळाचे प्रमुख रचनाकार राफ कॉस्टर यांची धारणा अशी होती की गुन्हे होतील तसे समाज त्यांचा बंदोबस्तही करील. लोक एकत्र येतील, पहारे बसवतील, न्याय करतील. काही प्रमाणात तसे घडलेही. लुटारूंची शिकार करणाऱ्या संघटना उभ्या राहिल्या. निर्मात्यांनीही नियमांमागून नियम केले. निरपराधाचे नाव निळे, गुन्हेगाराचे करडे आणि पाच खून करणाऱ्याचे लाल. लाल नावाच्या माणसाला पहाऱ्यातील नगरे बंद. पण नियम जितके बारीक तितक्या पळवाटाही बारीक. निळे नाव राखूनच समोरच्याला गाफीलपणे एखादी आगळीक करायला लावायची, त्याचे नाव करडे झाले की ‘कायदेशीरपणे’ त्याला मारायचे, हा एक स्वतंत्र धंदाच झाला. खऱ्या समाजात गुन्हेगाराला गमावण्यासारखे काही असते. येथे त्याला फार तर नवे पात्र करावे लागे. राजदंडाचे भय ज्याला नाही त्याच्यापुढे रंगीत नावांची मात्रा चालेना.

अखेरीस २००० साली निर्मात्यांनी जगाचेच दोन भाग केले. ब्रिटानियाच्या आकाशातील दोन चंद्रांची नावे त्या दोन भागांना दिली: ट्रॅमेल आणि फेलुका. नकाशा तोच, गावे तीच. ट्रॅमेलमध्ये संमतीशिवाय कोणी कोणाला मारू शकत नव्हते; फेलुकात जुनेच नियम राहिले, आणि तो भाग निष्पर्ण झाडांनी भकास दिसेल असा रंगवला गेला. लोकांनी आपला कौल पायांनी दिला. नव्या भागात घरासाठी मोकळी जमीन मिळत होती हेही एक कारण होतेच, पण बहुसंख्य खेळाडू ट्रॅमेलला गेले ते परतले नाहीत. फेलुकात मागे राहिले ते लांडगे, आणि मेंढरांवाचून लांडग्यांनाही करमेना. मग तेथे दुप्पट खनिज, दुप्पट लाकूड आणि अन्यत्र न मिळणारे दुर्मीळ मंत्रपट ठेवून माणसांना परत बोलावण्याचे प्रयत्न झाले. जुने खेळाडू आजही या फाळणीवर हिरिरीने वाद घालतात. एका पक्षाच्या मते खेळ त्या दिवशी वाचला, दुसऱ्याच्या मते त्या दिवशी तो मेला. मला वाटते दोघांचेही म्हणणे रास्त आहे: ग्राहक वाचले, आणि खाणीतून गावापर्यंतच्या वाटेला जे भय होते, ज्या भयामुळे सोबत लागे आणि सोबतीतून मैत्री होई, ते गेले.

मग निर्माते हे लढाईचे प्रकरण समूळ काढूनच का टाकत नाहीत? याचे उत्तर कथेच्या हिशेबात आहे. कथा महाग असते. लेखक, चित्रकार, आवाज देणारे नट, संगीतकार यांनी दोन-चार वर्षे खपून रचलेले कथानक हौशी खेळाडू काही आठवड्यांत संपवतो. २०११ च्या डिसेंबरात आलेला ‘स्टार वॉर्स : द ओल्ड रिपब्लिक’ हे याचे ठळक उदाहरण. आठ प्रकारच्या पात्रांना आठ स्वतंत्र कथा आणि प्रत्येक संवाद नटांच्या आवाजात. खेळाडूंनी त्या कथांचे कौतुक केले, कथा संपवल्या आणि वर्गणी बंद केली. वर्षभरातच, नोव्हेंबर २०१२ मध्ये, खेळ मोफत करावा लागला. याउलट लढाई ही न संपणारी शिदोरी. माणूस माणसाविरुद्ध उभा राहिला की प्रत्येक वेळी काही निराळे घडते आणि त्यासाठी लेखकाला मानधन द्यावे लागत नाही. फक्त या शिदोरीतले अन्न म्हणजे दुसरा खेळाडू असतो.

रिचर्ड बार्टल यांनी हे फार आधी ओळखले होते. रॉय ट्रबशॉ आणि बार्टल यांनी १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात ‘मड’ हा केवळ अक्षरांवर चालणारा खेळ घडवला. आजच्या ऑनलाइन जगांचा तो पूर्वज. १९९६ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात बार्टल यांनी खेळाडूंचे चार प्रकार पत्त्यांच्या चार रंगांत मांडले: यश जमवणारे, जग धुंडाळणारे, गप्पांसाठी येणारे आणि इतरांवर कुरघोडी करण्यात सुख मानणारे. या वर्गीकरणापेक्षाही त्यांनी दाखवलेले परस्परावलंबन मोलाचे आहे. मारेकरी वाढले की गप्पिष्ट पळतात आणि गप्पिष्ट पळाले की मारेकऱ्यांना भक्ष्य उरत नाही. निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा ‘अल्टिमा ऑनलाइन’ बाजारात यायचा होता!

येथवर झाला तो माणसांचा प्रश्न. दुसरा प्रश्न आकड्यांचा आहे आणि बाहेरच्या माणसाला तो सहसा दिसत नाही. कथेतल्या राक्षसाविरुद्ध जे शस्त्र बेतलेले असते ते माणसाविरुद्ध भलतेच वागते. समजा, शत्रूला पाच सेकंद खिळवून ठेवणारा एक मंत्र आहे. राक्षसाच्या लढाईत ती किरकोळ सोय. माणसाविरुद्ध मात्र पाच सेकंद म्हणजे समोरचा हात बांधून पडला आणि बहुधा मेला. उलट, ढालकरी योद्ध्याचे मुख्य कसब राक्षसाला डिवचून आपल्याकडे ओढून घेण्याचे. डिवचल्याने राक्षस वळतो, शहाणा माणूस वळत नाही, तो सरळ मागच्या वैद्याकडे धावतो. त्यामुळे एका बाजूची तक्रार ऐकून मंत्राची धार कमी केली की दुसऱ्या बाजूच्या, राक्षसांशी लढणाऱ्या मंडळींचे हत्यार विनाकारण बोथट होते. वर्षानुवर्षे या खेळांतील निम्मी भांडणे एवढ्याच एका कारणावरून झाली असतील.

यावरचे उपाय पाहण्यासारखे आहेत. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने माणसावर तोच खिळवणारा मंत्र लागोपाठ टाकला तर त्याचा परिणाम दुसऱ्यांदा निम्मा, मग चौथाई, मग शून्य होईल असा नियम फार पूर्वी केला. ‘गिल्ड वॉर्स’ने २००८ मध्ये ठरवले की काही मंत्रांची दोन रूपे ठेवायची, नाव एक, पण राक्षसासाठी एक आकडा आणि माणसासाठी दुसरा. ‘फायनल फँटसी १४’ त्याही पुढे गेला. तेथे २०१७ पासून खेळाडूंच्या आपसांतील सामन्यांसाठी कौशल्यांचा संचच निराळा असतो आणि कथेत मिळवलेल्या चिलखताचे बळ तेथे मोजले जात नाही. आकड्यांचे भांडण त्यामुळे मिटले. पण हा खेळ मुळात कथेसाठीच नावाजलेला. तेथील सामने म्हणजे वाड्याच्या परसातले आखाडे. कुस्ती उत्तम होते, वाड्यातल्या माणसांना तिची खबरही नसते.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची वाट अधिक नागमोडी आहे. २००४ च्या अखेरीस तो आला तेव्हा दोन प्रकारचे सर्व्हर होते, एक लढाऊ आणि एक सामान्य. लढाऊ सर्व्हरवर साउथशोर आणि टॅरन मिल या दोन शत्रूगावांमध्ये रोज संध्याकाळी आपोआप रणधुमाळी माजे. कोणी ती लिहिली नव्हती. कित्येकांना त्या खेळाची तीच आठवण सर्वांत प्रिय आहे. पण एप्रिल २००५ मध्ये शत्रूपक्षाच्या खेळाडूला मारल्याबद्दल मानगुण मिळू लागले आणि मौजेचा धंदा झाला. त्याच गावांत कथेतली कामे घेण्यासाठी आलेला नवखा खेळाडू पाहतो तो काम सांगणारी पात्रे मरून पडलेली, आणि तो स्वतःही पुढच्या क्षणी त्यांच्या शेजारी. जूनमध्ये स्वतंत्र रणांगणे उघडली, योद्धे तिकडे वळले आणि रस्ते पुन्हा शांत झाले. २०१८ मध्ये दोन प्रकारच्या सर्व्हरचा भेदच संपवून ‘वॉर मोड’ आणला गेला: नगरात जाऊन कळ फिरवायची, धोका पत्करायचा आणि त्याबद्दल थोडा जादा मोबदला घ्यायचा. एका पक्षाचे लोक कमी पडू लागले तेव्हा त्यांचा मोबदला ३० टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आला. धाडसाचाही बाजारभाव असतो, तो असा.

आमच्या दशावतारी नाटकात संवाद आयत्या वेळी सुचतात, युद्ध रंगले तर लांबतेही; पण शेवटी राक्षस मरणार, हे राक्षसाचे सोंग घेतलेल्या नटालाही मान्य असते. ऑनलाइन जगात असा करार नसतो. तरीही करार नसल्यामुळेच काही वेळा लेखकाला न सुचणारी कथा घडते. आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाइन’ हा २००३ पासून चाललेला अंतराळातील खेळ याची साक्ष आहे. २०१४ च्या जानेवारीत एका आघाडीकडून एका तारामंडळाच्या ताब्याचे शुल्क वेळेवर भरले गेले नाही. ताबा सुटला, शत्रू धावला आणि सुमारे २१ तास सात हजारांहून अधिक पात्रांची लढाई चालली. ७५ टायटन, म्हणजे त्या खेळातील सर्वांत प्रचंड जहाजे, नष्ट झाली. खऱ्या पैशांत नुकसानीचा अंदाज तीन लाख डॉलरच्या घरात गेला. कंपनीने त्या जागी अवशेषांचे कायमचे स्मारक उभारले. या जगातही सुरक्षित प्रदेश आहेत, परंतु तेथील पोलीस हल्लेखोराला शिक्षा करतात, हल्ला थांबवत नाहीत. हे खेळाडूला आरंभीच समजते, आणि माझ्या मते या खेळाच्या टिकाऊपणाचे बरेचसे रहस्य त्यातच आहे. हरणे खेळाडू सोसतो. ज्या वाटेवर धोका असल्याचे त्याला कोणी सांगितलेच नव्हते त्या वाटेवर लुटला जाणे तो सोसत नाही.

अ‍ॅमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’ने हा धडा प्रकाशनापूर्वीच घेतला. आरंभीच्या चाचण्यांत तेथे मुक्त संहार होता आणि मुरलेले खेळाडू नवख्यांना दिसताक्षणी कापत होते. २०२० मध्ये निर्मात्यांनी जाहीर केले की लढाई ऐच्छिक राहील, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये खेळ आला तो राक्षस, मोहिमा आणि कथानक यांची भर घालूनच. खेळाडूंच्या गटांना तेथे ‘कंपनी’ म्हणतात. एखाद्या वस्तीसाठी युद्ध पुकारले की ते ठरल्या वेळी, ५० विरुद्ध ५० असे, तटबंदीवर होते. ज्यांना त्यात रस नाही त्यांनी त्या वेळी खुशाल नदीकाठी गळ टाकून मासे पकडावेत. त्यांच्या केसालाही धक्का लागत नाही. मात्र युद्ध जिंकणारी कंपनी त्या वस्तीचा कर ठरवते, आणि दुसऱ्या दिवशी मासे घेऊन वस्तीतल्या बाजारात येणाऱ्याला तो भरावा लागतो.