अंतर्मुख कार्यकर्त्याची झोप दिवसाच ठरते

सकाळी कल्याण-डोंबिवलीहून खचाखच भरलेली लोकल, दिवसभर ऑफिस, संध्याकाळी पुन्हा तीच गर्दी, आठ वाजता विहारात बैठक आणि त्यानंतर व्हॉट्सअॅपचे ग्रुप. आपल्या अनेक तरुण कार्यकर्त्यांचा दिवस असाच जातो. त्यांच्यातील अंतर्मुख मुलामुलींना पहिला निवांत क्षण मिळतो तो रात्री अकरानंतर. मग तो सोडवत नाही. मोबाईल हातात राहतो, एक वाजतो आणि पहाटेचा गजर काही थांबत नाही.

अंतर्मुख म्हणजे लाजाळू किंवा माणूसघाणा नव्हे. कार्ल युंग यांनी १९२१ च्या आपल्या ग्रंथातून हा शब्द मानसशास्त्रात रूढ केला. अशा व्यक्तीला माणसे हवीच असतात, पण सतत गर्दीत राहून तिला थकवा येतो आणि शांततेत तो उतरतो. आमचे म्हणणे एवढेच आहे की, एकांताची सगळी थकबाकी रात्रीवर टाकू नये. ती दिवसातच थोडी थोडी फेडावी.

त्यासाठी काही सवयी उपयोगी पडतात.

सकाळचा उजेड : मेंदूतील जैविक घड्याळ डोळ्यांत जाणाऱ्या प्रकाशावर वेळ जुळवते. सकाळी उजेड मिळाला की रात्री झोपही वेळेवर येते. पावसाळी ढगाळ सकाळीही बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाईटपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. म्हणून स्टेशनपर्यंत रिक्षाऐवजी चालत जावे. सुट्टीच्या दिवशी ठाण्यात मासुंदा किंवा उपवन तलाव, कल्याणमध्ये काळा तलाव येथे एकट्याने फेरी मारावी. उजेड, चालणे आणि एकांत तिन्ही एकदम मिळतात.

दुपारची पंधरा मिनिटे : जेवणाच्या सुट्टीतला थोडा वेळ मोबाईल बाजूला ठेवून एकट्याने घालवावा. आनापान येत असेल तर श्वासावर लक्ष ठेवावे, नाहीतर नुसते शांत बसावे. सहकाऱ्यांना तसे मोकळेपणाने सांगावे, म्हणजे गैरसमज होत नाही.

संध्याकाळचा चहा : जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते व त्यामुळे झोप येऊ लागते. चहा-कॉफीतील कॅफिन त्याचा परिणाम रोखते. प्रौढ माणसाच्या शरीरातील निम्मे कॅफिन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे बैठकीत साडेआठला घेतलेल्या चहाचा निम्मा अंमल मध्यरात्रीनंतरही उरतो. दुपारनंतर चहा टाळलेला बरा.

परतीच्या गाडीतील डुलकी : दादरला बसायला जागा मिळाली की कल्याणपर्यंत डोळा लागतो. पण ही झोप रात्रीच्या झोपेतूनच वजा होते. त्याऐवजी त्या वेळात पुस्तक वाचावे.

मनातले कागदावर : बैठकीत आपण काय बोललो, काय राहिले, हे अंतर्मुख माणूस अंथरुणावर उगाळत बसतो. अमेरिकेतील बेलर विद्यापीठाच्या २०१८ मधील एका छोट्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे उद्याच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. बैठकीहून घरी येताच यादी लिहून टाकावी आणि वही मिटावी.

अंगुत्तर निकायात आळवीच्या हत्थकाची कथा आहे. थंडीच्या दिवसांत पानांच्या अंथरुणावर बसलेल्या भगवान बुद्धांना तो विचारतो, झोप सुखाची झाली का? तथागत होकार देतात आणि समजावतात की लोभ, द्वेष व मोह यांचा दाह असेल तर महालातही झोप सुखाची नसते. मन दिवसभर कसे राहिले, यावर रात्र अवलंबून असते.

तरीही आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप लागत नसेल आणि हे तीन महिने चालले असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. मन फार अस्वस्थ असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येते.

आता थोडे समित्यांसाठी. जयंतीच्या तयारीची असो वा वर्षावासातील ग्रंथवाचनाची, बैठक साडेनऊला संपवावी. रात्री दहानंतर ग्रुपवर कामे वाटू नयेत. आणि कमी बोलणाऱ्या कार्यकर्त्याला ‘हा मिसळत नाही’ असे म्हणू नये. प्रौढ माणसाला किमान सात तासांची झोप लागते. ती सतत बुडाली की माणूस आधी चिडचिडा होतो, मग बैठकांना येणे बंद करतो. असा कार्यकर्ता गमावणे आपल्याला परवडणारे नाही.