जोडधंद्याचे प्रशिक्षण व त्यानंतरची दोन वर्षे

हंगामात हाताला उसंत नाही आणि हंगाम संपला की हाताला काम नाही, ही आपल्या जिरायत गावांची जुनी अडचण आहे. खरिपाचे पीक घरी आले की पुढील सहा महिने कसे काढावेत, हा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे उभा राहतो. जोडधंदा हा त्यावरील एक उपाय होय, हे सर्वांस मान्य आहे. परंतु शेळ्या पाळता येणे, चटणी-मसाले करता येणे किंवा पंपाची मोटार दुरुस्त करता येणे वेगळे, आणि त्या कामाचा धंदा चालविणे वेगळे. हे दुसरे शिकविण्यासाठी सरकार प्रशिक्षण व सल्ला केंद्रांवर पैसा खर्च करते. तो पैसा कशावर खर्च होतो आणि तो सार्थकी लागावा म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने काय करावयास हवे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

केंद्रांची उभारणी

लहान धंद्यांना सल्ला देण्याची कल्पना नवी नाही. केंद्र सरकारने 1954 साली लघुउद्योगांसाठी स्वतंत्र संघटना स्थापन केली व तिच्या सेवा संस्था निघाल्या. 1978 साली जिल्हा उद्योग केंद्रे सुरू झाली. खेड्यातील तरुणांना निवासासह धंद्याचे शिक्षण देण्याचा एक यशस्वी प्रयोग मात्र 1982 साली कर्नाटकातील उजिरे या गावी झाला. श्री धर्मस्थळ मंजुनाथेश्वर न्यास, सिंडिकेट बँक व कॅनरा बँक यांनी मिळून तेथे प्रशिक्षण संस्था काढली. शिक्षण थोड्या दिवसांचे, पण पाठराखण दीर्घकाळाची, हे तिचे सूत्र होते.

याच धर्तीवर केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने 2009 पासून जिल्ह्या-जिल्ह्यांत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था उभारण्यास प्रारंभ केला. लोक तिला थोडक्यात ‘आरसेटी’ म्हणतात. त्या वेळच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे राज्य सरकारने जमीन द्यावी, केंद्राने इमारत व साधनसामग्री यांसाठी 1 कोटी रुपयांपर्यंत एकवेळचे अनुदान द्यावे आणि संस्था बँकेने चालवावी, अशी वाटणी ठरली. गरीब कुटुंबांतील प्रशिक्षणार्थींचा खर्च सरकार संस्थेला भरून देते. म्हणून शिकणाऱ्यास शिक्षण, राहणे व जेवण यांसाठी पैसे मोजावे लागत नाहीत. प्रशिक्षण संपल्यानंतर दोन वर्षे त्याचा पाठपुरावा करणे हेही संस्थेचे काम मानले आहे.

येथेच लक्ष देण्याजोगी गोष्ट आहे. इमारत डोळ्यांना दिसते. किती जण शिकले, हे हजेरीपटावर दिसते. पाठपुरावा मात्र कोठेच दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्याकडे प्रथम दुर्लक्ष होते. रोपवाटिकेतील रोप कितीही जोमदार असले, तरी पुनर्लागणीनंतरचे पहिले पाणी चुकले की ते माना टाकते. प्रशिक्षणाचेही तसेच आहे.

माझ्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका तालुक्याचे काम असताना कुक्कुटपालनाच्या वर्गासाठी नावे पाठवावयाची होती. मुदत संपत आली होती. मी एका गावी जाऊन चावडीवर भेटलेल्या तरुणांची नावे लिहून घेतली आणि यादी पुरी केली. त्यांपैकी एक मुलगा खरोखर मन लावून शिकला. परत आल्यावर त्याने शेडसाठी कर्जाचा अर्ज केला. सातबाऱ्यावर चुलत्यांची नावे सामाईक होती व त्यांची संमती जोडलेली नव्हती, म्हणून अर्ज परत आला. संमती कशी घ्यावयाची, कागद कोठे करावयाचा, हे त्यास कोणी सांगितले नाही. मीही पुन्हा त्या गावी गेलो नाही. आठ महिन्यांनी गेलो, तेव्हा तो ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघून गेला होता. त्याच्या आईने पेटीतून प्रमाणपत्र काढून दाखविले व विचारले, “साहेब, याचं काय करायचं असतं?” त्यावर मला उत्तर देता आले नाही.

तो मुलगा शिकण्यात कमी पडला नव्हता. सरकारचा पैसाही रीतसर खर्च झाला होता. एक कागद व दोन खेपा, एवढ्यासाठी सर्व वाया गेले. पुढील सूचना त्या अनुभवातून लिहिल्या आहेत.

पाठविण्यापूर्वी

नाव लिहून घेण्यापूर्वी त्या व्यक्तीच्या घरी जावे. जागा, पाणी व वीज आहे काय, ते पाहावे. जमीन सामाईक असल्यास संमतीचा विषय तेव्हाच काढावा. घरातील कर्त्या माणसांशी बोलावे. विशेषतः स्त्रीस पाठवावयाचे असेल तर दहा-बारा दिवस घरचे काम कोण पाहील, हे आधी ठरवावे. बँकेत खाते आहे काय व पूर्वीचे कर्ज थकले आहे काय, हेही विचारावे. यादीत दहा नावे कमी पडली तरी चालतील. परंतु ज्यास धंदा करावयाचा नाही त्याचे नाव घालू नये. तो दुसऱ्या गरजूची जागा अडवितो.

हिशेब शिकविणे

धंदा बहुधा मालाच्या दोषाने बुडत नाही, हिशेबाच्या दोषाने बुडतो. उदाहरणादाखल शेंगदाण्याची चटणी विकणाऱ्या भगिनीचा हिशेब पाहू. दहा किलो चटणीसाठी शेंगदाणे, लसूण, तिखट व मीठ मिळून तिला 1600 रुपये लागतात असे धरू. ती 200 रुपये किलोने विकते, म्हणजे 2000 रुपये हाती येतात. तिच्या मते 400 रुपये नफा झाला.

आता उरलेला खर्च मांडू. पिशव्या व लेबले 120 रुपये, जळण व दळण 80 रुपये, बाजारास जाण्या-येण्याचे भाडे 100 रुपये आणि तिच्या स्वतःच्या दोन दिवसांची मजुरी 600 रुपये. हे 900 रुपये मिळविले असता एकूण खर्च 2500 रुपये होतो. म्हणजे किलोस 250 रुपये पडत असता ती 200 रुपयांस विकीत आहे. ती जितकी अधिक विकेल तितका तोटा वाढेल! स्वतःची मजुरी खर्चात न धरणे ही आपल्या घरोघरची सवय आहे. केंद्रातील वर्गात हा हिशेब शिकवितात. परंतु घरी आल्यावर पहिले तीन महिने कोणी वही पाहणारा असल्यासच ती सवय मोडते.

परत आल्यानंतर

पहिल्या पंधरवड्यात एकदा भेटावे व कर्जाचा अर्ज आपल्यासमक्ष पुरा करून घ्यावा. अर्ज परत आल्यास कारण लेखी मागावे आणि ते अर्जदारास त्याच्या भाषेत समजावून द्यावे. धंदा सुरू झाल्यावर पहिले सहा महिने दरमहा एकदा वही पाहावी. अडचण आपल्या आवाक्याबाहेरची असेल तर प्रशिक्षण संस्थेस कळवावे. दोन वर्षांपर्यंत मदत मागण्यात संकोच करू नये.

पाठपुराव्याचे मोल सरकारनेही ओळखले आहे. 2020 साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, अनुदान ठेवले गेले. त्याचबरोबर उद्योजकास घरपोच मदत करणाऱ्या जिल्हा साधन व्यक्तीस मंजूर कर्जप्रकरणामागे 20 हजार रुपये मोबदला ठरविला गेला. त्यांपैकी निम्मी रक्कम कर्ज मंजूर झाल्यावर आणि उरलेली नोंदण्या, अन्नसुरक्षेची पूर्तता व प्रशिक्षण होऊन उद्योग प्रत्यक्ष उभा राहिल्यावर द्यावयाची होती. केवळ अर्ज भरून देण्यास पूर्ण मोबदला नाही, हे त्यातील मर्म आहे.

शेतकरी बंधु-भगिनींनाही एक विनंती आहे. प्रशिक्षण फुकट आहे म्हणून त्याची किंमत कमी लेखू नये. त्यामागे सर्वांच्या कराचा पैसा आहे. शिकून आल्यावर अडचण आली तर गप्प बसू नये. ज्याने तुमचे नाव यादीत लिहिले त्यास अवश्य गाठावे व पुढे काय करावयाचे ते विचारावे. तो प्रश्न विचारण्याचा तुम्हांस अधिकार आहे, आणि त्याचे उत्तर तयार ठेवणे हे आम्हां कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे.