भरतीच्या वेळची चाचणी

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ला रोज दिसतो. ओहोटी असली की माणसे पायी किल्ल्यात जातात, घोडागाड्याही जातात. भरती चढली की तीच वाट पाण्याखाली जाते. किल्ला जागेवर असतो, किनारा जागेवर असतो, मधली वाट तेवढी नसते. समजा, अशा वेळी किल्ल्यातल्या माणसाला निरोप धाडला आणि उत्तर आले नाही. निरोप पोचलाच नाही, की पोचला पण उत्तर आणणारा भरतीत अडकला, की तिकडे उत्तर द्यायला कोणी उरलेच नाही? किनाऱ्यावर उभे राहून या तिन्हींतला फरक कळत नाही.

एकमेकांशी बोलणारे दोन संगणक कायम याच अवस्थेत असतात. ही गोष्ट मला उशिरा कळली, आणि तोवर माझ्या हातून एका तांडेलावर अन्याय होऊन गेला होता.

संगणकाचे माझे शिक्षण रीतसर नाही. जे आले ते पुस्तके वाचून आणि चुका करून. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका मच्छीमार सोसायटीसाठी मी डिझेलच्या हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक नौकेचा डिझेलचा कोटा ठरलेला असतो. बंदरावर पंपाजवळ एक संगणक होता, कार्यालयात दुसरा. पंपावरचा संगणक नोंद पाठवायचा, कार्यालयातला ती खात्यावर लिहून पोच द्यायचा. पोच आली नाही तर पंपावरून नोंद पुन्हा जायची. ३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपली आणि पहिल्याच आठवड्यात वादळी वाऱ्यात नेट ये-जा करू लागले. त्या तांडेलाने २०० लिटर डिझेल घेतले. नोंद कार्यालयात पोचली, लिहिली गेली, पण पोच वाटेत हरवली. पंपाने इमानाने नोंद पुन्हा पाठवली. खात्यावर ४०० लिटर चढले. महिनाअखेरीला कोटा संपलेला दिसला तेव्हा, डिझेल बाहेर विकलेस का, असे त्याला चारचौघांत विचारले गेले. तो म्हणत होता, एकदाच भरले. कागदावर मात्र दोनदा होते, आणि तो कागद माझ्या प्रोग्रॅमने छापला होता.

मी घरी येऊन सगळ्या स्वयंचलित चाचण्या पुन्हा चालवल्या. स्वयंचलित चाचणी म्हणजे प्रोग्रॅम तपासणारा दुसरा छोटा प्रोग्रॅम: अमुक दिले तर तमुक आले पाहिजे, नाहीतर लाल खूण. माझ्या साऱ्या खुणा हिरव्या होत्या.

याचे कारण प्रोसेस या शब्दात आहे. चालू असलेल्या प्रोग्रॅमला संगणक स्वतंत्र जागा देतो, तिला प्रोसेस म्हणतात. ही जागा म्हणजे एक घर समजा. स्मृती घरातल्यांची सामायिक, बाहेरच्याला आत प्रवेश नाही. जावा भाषेतले प्रोग्रॅम आपल्या प्रोसेसमध्ये ‘जावा व्हर्च्युअल मशीन’, थोडक्यात जेव्हीएम, घेऊन चालतात. व्हर्च्युअल मशीन म्हटले की अनेकांना संगणकाच्या पोटातला अख्खा आभासी संगणक आठवतो. इथे तो अर्थ नाही. इथे एक जेव्हीएम म्हणजे एक प्रोसेस, एक घर.

माझ्या चाचण्यांत पंप आणि कार्यालय एकाच घरात राहत होते. स्वयंपाकघरातून ओटीवर हाक मारावी तसे त्यांचे बोलणे. एका प्रोसेसच्या आत प्रश्न विचारला तर उत्तर येते, चूक कळते, नाहीतर सगळे घरच कोसळते. ‘प्रश्न पोचला, काम झाले, पण उत्तर हरवले’ ही शक्यता तिथे उद्भवतच नाही. आणखीही काही झाकले जाते. नोंद एका भागाकडून दुसऱ्याकडे जाताना तिचे तारेवरून जाण्याजोगे रूप करावे लागत नाही, त्यामुळे त्या रूपांतरातल्या चुका दिसत नाहीत. एका बाजूचे सामायिक चल दुसरीला आयते मिळतात. मी ओहोटीतच चाचणी घेत होतो.

तेव्हा प्रत्येक भाग वेगळ्या जेव्हीएममध्ये चालवून चाचणी घ्यायला हवी. त्यासाठी अनेक संगणक लागत नाहीत, एका लॅपटॉपवर दोन-चार जेव्हीएम सहज उभी राहतात. मी ‘अक्का’ नावाच्या साधनसंचाची मदत घेतली. आपल्या कानाला थोरल्या बहिणीची हाक वाटते, पण हे नाव स्वीडनमधल्या एका पर्वताचे आहे. योनास बोनेर यांनी २००९ मध्ये हे काम सुरू केले. २०२२ मध्ये अक्काचा परवाना बदलला, तेव्हा तिच्यातून ‘अपाची पेक्को’ ही मुक्त शाखा निघाली. दोन्हींत चाचणीची पद्धत सारखीच आहे.

पहिली पायरी नावांची. एका चाचणीतल्या वर्गांची नावे सारखीच सुरू करायची, मध्ये ‘मल्टिजेव्हीएम’ हा शब्द घालायचा आणि शेवटी ज्याची त्याची ओळख लिहायची: ‘हिशेबमल्टिजेव्हीएमपंप’, ‘हिशेबमल्टिजेव्हीएमकार्यालय’. एक आज्ञा दिली की साधन ही नावे ओळखून प्रत्येकासाठी एक जेव्हीएम उभे करते. पडद्यावरच्या प्रत्येक ओळीआधी ती कोणत्या जेव्हीएमची हेही छापते. हे लेबल नसेल तर दोघांचे बोलणे एकमेकांत मिसळून काहीच उमगत नाही.

दुसरी पायरी भूमिकांची. चाचणीचा मजकूर सर्व जेव्हीएममध्ये एकच चालतो. प्रत्येक जण ‘मी कोण?’ असे विचारतो आणि आपल्या वाट्याचे काम करतो.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, ती बॅरियरची. याला आपण नाका म्हणू. सगळे नाक्यावर जमल्याशिवाय कोणी पुढे जायचे नाही. सुरुवातीला मी नाक्याऐवजी ‘पाच सेकंद थांब’ असे लिहीत असे. लॅपटॉपवर दुसरे काम चालू असले की पाच सेकंद पुरत नसत आणि चाचणी कधी हिरवी, कधी लाल होई. अशा लहरी चाचणीवर काही दिवसांत माणूस विश्वास ठेवेनासा होतो. नाक्यांची नावे आणि क्रम मात्र सर्वांना सारखाच हवा, नाहीतर एक जण दुसऱ्याची वाट पाहत मुदत संपेपर्यंत उभा राहतो.

चौथी पायरी भरतीची. या जेव्हीएमपैकी एकाकडे सूत्रधाराचे काम असते. तो दोघांमधला मार्ग मंदावू शकतो, एखादे जेव्हीएम बंद पाडू शकतो किंवा मार्ग साफ तोडू शकतो. तोही हवा तर एकाच दिशेने. मार्गाशी असा खेळ करायचा तर ती सोय चाचणीच्या मांडणीत आधीच चालू करून ठेवावी लागते.

मला हवी होती ती हीच एका दिशेची भरती. चाचणी अशी लिहिली: दोघे पहिल्या नाक्यावर जमतात. सूत्रधार कार्यालयाकडून पंपाकडे येणारा मार्ग तोडतो, जाणारा उघडा ठेवतो. पंप २०० लिटरची नोंद पाठवतो, पोच येत नाही, पंप पुन्हा पाठवतो. मग मार्ग जोडला जातो. पोच मिळाली की दोघे पुढच्या नाक्यावर येतात आणि कार्यालयाच्या खात्यावर २०० आहेत का, ते पाहिले जाते. चाचणी लाल झाली. अपेक्षित २००, आढळले ४००. तांडेल खरे बोलत होता, याचा पुरावा माझ्याच लॅपटॉपवर उभा राहिला.

दुरुस्ती चार ओळींची निघाली. प्रत्येक नोंदीला पंपावरच पावती क्रमांक द्यायचा आणि पुन्हा पाठवताना तोच ठेवायचा. कार्यालयाने तो क्रमांक आधी पाहिला असेल तर खात्याला हात न लावता फक्त पोच द्यायची. जुने मुनीम पावतीपुस्तकाने हेच साधत आले. थॉटवर्क्समधले उन्मेष जोशी यांच्या वितरित प्रणालींवरच्या २०२३ च्या इंग्रजी पुस्तकात या उपायाला ‘आयडेम्पोटंट रिसीव्हर’ म्हटले आहे: तोच निरोप कितीदा आला तरी परिणाम एकदाच करणारा.

मोठमोठ्यांनाही ही भरती चुकत नाही. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबच्या दोन ठिकाणांमधला संपर्क अवघे ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात दोन किनाऱ्यांवरच्या डेटाबेसमध्ये वेगवेगळ्या नोंदी झाल्या आणि सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. मासळीबाजारात फोनवरून पैसे देताना खात्यातून रक्कम गेली आणि विकणारीकडे आलीच नाही, हा अनुभव कित्येकांना आहे. पुन्हा द्यावे की थांबावे, या त्या क्षणीच्या घालमेलीत तीच जुनी शंका असते.

या चाचण्यांना मर्यादा आहेत. प्रत्येक जेव्हीएम उभे राहायला वेळ घेते, म्हणून बहुतेक चाचण्या एका प्रोसेसमध्येच ठेवाव्यात आणि जिथे उत्तर हरवू शकते तेवढ्याच अशा लिहाव्यात. चाचणी मध्येच मोडली तर मागे उरलेली जेव्हीएम समुद्रात टाकून दिलेल्या जाळ्यांसारखी पोर्ट अडवून बसतात, ती आधी काढून टाकावी लागतात. शिवाय एका लॅपटॉपवर सर्वांचे घड्याळ एकच असते. खऱ्या संगणकांची घड्याळे पुढेमागे असतात. म्हणून कोणती घटना आधी घडली हे घड्याळावर विसंबून ठरवता येत नाही, हे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ च्या निबंधात दाखवले होते. ती परीक्षा दोन खऱ्या यंत्रांवरच घ्यावी लागते.

सोसायटीने तांडेलाच्या खात्यावरचे २०० लिटर कमी केले. मी त्याच्या घरी जाऊन चूक माझी होती हे सांगितले. सगळे ऐकून तो म्हणाला, ‘अरे, कोणी हाकेला ओ दिली नाही, तर आधी वारा कुठचा आहे ते बघायचं.’